फिटर ट्रेडच्या मुलांसाठी ऑनलाइन स्वयं-चाचणी कशी तयार करावी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला निदेशक आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना घरी सराव व्हावा म्हणून गूगल फॉर्मवर ५०-५० प्रश्नांच्या चाचण्या केल्या. प्रश्न जुन्या प्रश्नसंचांतून घेतले. मुलांना ४६-४८ मार्क पडतात, पण वर्कशॉपमध्ये तीच मुलं मायक्रोमीटर वाचताना अडतात. शिवाय एकाची चाचणी झाली की उत्तरं ग्रुपवर फिरतात. मुलांना स्वतःचं स्वतः तपासता येईल अशी चाचणी कशी बनवायची? आणि त्यासाठी मूडल (ऑनलाइन अभ्यास आणि चाचण्यांची मोफत प्रणाली) लागेल की गूगल फॉर्मवर भागेल?"

सर, आधी उत्तरं फिरण्याचं बोलतो, कारण बाकीचं सगळं त्यातच अडकलंय. पोरं उत्तरं कधी फिरवतात? मार्क दुसरं कुणी बघणार असेल तेव्हा. तुम्ही चाचणी 'घरच्या सरावासाठी' म्हणून दिलीत, पण बहुतेक फॉर्ममध्ये नाव, रोल नंबर आणि ईमेल घेतला असेल, शेवटी ५० पैकी मार्क दाखवले असतील, आणि ज्यांनी भरली नाही त्यांची यादी ग्रुपवर टाकली असेल. सगळे असंच करतात. मग ती परीक्षाच झाली, फक्त वर्गात सुपरवायझर नाही इतकंच. अशा परीक्षेत पोरांनी कॉपी केली तर त्यांना दोष देण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

स्वयं-चाचणीचा निकाल हवा असतो तो देणाऱ्याला. मला काय येत नाही आणि ते सुधारायला आता नेमकं काय बघू, एवढं त्याला कळलं की चाचणीचं काम झालं. '४८/५०' यातून यातलं काहीच कळत नाही. उलट 'आपल्याला येतंय' असा समज पक्का होतो. म्हणून पहिला बदल हा करा: मार्कांचा तक्ता बंद. नाव घेऊ नका, आणि चाचणी कितीही वेळा देता येईल असं ठेवा. ज्या चाचणीत कमी मार्क पडल्यानं काहीच बिघडत नाही, तिची उत्तरं फिरवण्यात पोरांना गंमत राहत नाही.

आता प्रश्न. जुन्या प्रश्नसंचात असतं, 'मेट्रिक मायक्रोमीटरचं लघुत्तम माप किती?' उत्तर ०.०१ मिमी. हे पोरगं झोपेतही सांगेल. पण त्याच पोराच्या हातात मायक्रोमीटर दिला की ते बॅरलकडे (रेघांच्या स्थिर नळीकडे) बघत उभं राहतं. ट्रेड थिअरीच्या सीबीटीला (संगणकावरच्या परीक्षेला) असे पाठांतराचे प्रश्न लागतात हे मान्य, त्यांचा सराव वेगळा ठेवा. स्वयं-चाचणीत मात्र ते १० पैकी एक-दोनच असू द्या. बाकीच्या प्रश्नांत मुलानं काहीतरी बघायला हवं, वाचायला हवं किंवा काढायला हवं.

माझी पद्धत उलटीकडून जाते. मी बरोबर उत्तरापासून सुरुवातच करत नाही, चुकांपासून करतो. मायक्रोमीटरचा एक फोटो घ्या. बॅरलवर ७ मिमीची रेघ दिसतेय, तिच्या पुढची अर्ध्या मिलिमीटरची रेघही उघडी पडलीय, आणि थिंबलचा (बॅरलवर फिरणाऱ्या टोपणाचा) २८ वा भाग डेटम लाइनशी, म्हणजे बॅरलवरच्या लांब आडव्या रेघेशी, जुळलाय. बरोबर वाचन ७ + ०.५ + ०.२८, म्हणजे ७.७८ मिमी. हा प्रश्न पर्याय न देता वर्गात सोडवायला द्या. अर्ध्या कागदावर उत्तर लिहायचं, नाव नको. कागद गोळा करून चुकीच्या उत्तरांचे गठ्ठे लावा. साधारण हे गठ्ठे पडतात:

७.२८ — सगळ्यात मोठा गठ्ठा. अर्ध्या मिलिमीटरची रेघ बघितलीच नाही.

८.०६ — याच्या डोक्यात व्हर्निअर कॅलिपरचं लघुत्तम माप ०.०२ बसलंय. २८ ला ०.०२ नं गुणलं, ०.५६ आले, ते ७.५ मध्ये मिळवले.

७.५२८ — २८ भागांचे ०.०२८ केले. दशांशाचा घोळ, मायक्रोमीटरचा नाही.

हेच तुमचे तीन चुकीचे पर्याय. ते आपण घरी बसून मनानं रचायचे नाहीत. मनानं रचलेले पर्याय कसे असतात? ७.७७, ७.७९, ८.७८. यातला एखादा पर्याय पोरानं निवडला तर तो का निवडला हे तुम्हाला सांगता येणार नाही, आणि त्यालाही नाही. पण ७.२८ निवडलं की त्याची चूक कुठं झाली हे आपल्याला शंभर टक्के कळलेलं असतं.

आरपीएमचंही तसंच. १० मिमीचा ड्रिल, कटिंग स्पीड मिनिटाला ३० मीटर, तर आरपीएम (मिनिटाला फेरे) किती? सूत्र १००० × कटिंग स्पीड ÷ (π × व्यास), उत्तर सुमारे ९५५. π विसरला तर ३०००. व्यासाऐवजी त्रिज्या घातली तर १९११. मिलिमीटरचे सेंटिमीटर केले आणि वरचे १००० तसेच ठेवले तर ९५५४. प्रत्येक पर्यायामागं एक पोरगं उभं आहे. टॅपिंगला (भोकात आटे पाडायला) एम१० × १.५, म्हणजे १० मिमी व्यास आणि १.५ मिमी पिच, यासाठी ड्रिल किती, तर ८.५; ज्याला पिच वजा करायचा हेच माहीत नाही तो १० म्हणेल, आणि अर्धा पिच वजा करणारा ९.२५ म्हणेल.

पर्याय चारच हवेत असा काही नियम नाही. खऱ्या चुका दोनच सापडल्या तर तीन पर्यायांवर थांबा. चौथा पर्याय भरायचा म्हणून 'वरीलपैकी सर्व' आणि 'वरीलपैकी एकही नाही' घालणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. 'वरीलपैकी सर्व' दिसलं की पोरं डोळे झाकून तेच निवडतात, आणि बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. आणखी एक खोड म्हणजे बरोबर पर्याय सगळ्यात लांब आणि काळजीपूर्वक लिहिलेला असणं. हुशार पोरं प्रश्न न वाचता पर्यायांची लांबी बघतात.

आता अभिप्राय. चाचणी बनवायला जो वेळ द्याल, त्यातला निम्मा याला द्या. गूगल फॉर्ममध्ये क्विझ चालू केल्यावर 'आन्सर की'मध्ये बरोबर आणि चूक अशा दोन वेगळ्या अभिप्रायांची सोय असते, तिथं लिंकही देता येते. बहुतेक निदेशक तिथं 'शाब्बास' आणि 'पुन्हा प्रयत्न करा' लिहून मोकळे होतात. 'पुन्हा प्रयत्न करा' वाचून पोरगं करणार काय? दुसरा पर्याय दाबणार. ७.२८ निवडणाऱ्यासाठी मी असं लिहितो:

"डेटम लाइनच्या दुसऱ्या बाजूला बघ. ७ च्या पुढं एक छोटी रेघ थिंबलच्या बाहेर आलीय का? थिंबलचा एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, एक नाही. मग ७ नंतर किती फेरे झालेत?"

यात उत्तर नाही. कुठं बघायचं ते आहे, आणि एक प्रश्न आहे. पोराशी एकेरीतच बोलायचं, जसं बाकावर उभं राहून बोलतो तसं. 'प्रशिक्षणार्थ्यांनी लक्षात घ्यावे की' असलं सुरू झालं की ते पुढं वाचतच नाहीत. आणि बरोबर उत्तरालाही अभिप्राय द्या, कारण अंदाजपंचे बरोबर आलेलेही असतात. चार पर्याय असतील तर नुसतं ठोकत गेलं तरी १० पैकी दोन-तीन बरोबर येतातच.

गूगल फॉर्मची अडचण इथं येते. चुकीच्या उत्तराला एकच अभिप्राय देता येतो, प्रत्येक पर्यायाला वेगळा नाही. शिवाय तो फॉर्म सबमिट केल्यावर दिसतो. यावर तोड आहे: विभाग पाडा. बहुपर्यायी किंवा ड्रॉपडाउन प्रश्नाला 'उत्तरानुसार विभागाकडे जा' ही सोय असते. ७.२८ निवडलं तर 'अर्धी रेघ' नावाच्या विभागात, ८.०६ निवडलं तर 'व्हर्निअर आणि मायक्रोमीटरमधला फरक' या विभागात. तिथं दोन ओळी, एक फोटो, जमलं तर तुमच्या आवाजातला मिनिटभराचा व्हिडिओ.

त्या विभागातून मुलाला परत त्याच प्रश्नावर पाठवू नका. दोन कारणं आहेत. एक तर आता ७.२८ नाही म्हटल्यावर तो उरलेल्यांतला एक निवडणार. दुसरं म्हणजे फॉर्ममध्ये शेवटचं उत्तरच नोंदलं जातं, पहिलं ७.२८ पुसलं जातं आणि तुमच्या शीटमध्ये सगळी मुलं बरोबर दिसतात. त्याऐवजी जोडप्रश्नावर पाठवा, म्हणजे तीच चूक पकडणारा पण दुसरा फोटो: समजा बॅरलवर १२.५ आणि थिंबलवर ४. ज्याला अर्धी रेघ आता समजली तो १२.५४ सांगेल. नाही समजली तर १२.०४, आणि मग त्यानं दुसऱ्या दिवशी तुम्हाला येऊन भेटायचं असं त्या विभागात लिहा. म्हणजे प्रत्येक मुख्य प्रश्नाला किमान दोन फोटो लागतात. काम वाढतं, नाकारत नाही. पण ५० प्रश्नांऐवजी सहा-सात मुख्य प्रश्न करायचे आहेत, तेव्हा हिशेब जमतो.

फोटोबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मोबाइल जरा वर किंवा खाली धरून काढलेल्या फोटोत डेटम लाइन शेजारच्या रेघेशी जुळलेली दिसते. म्हणजे पॅरॅलॅक्स (तिरकं बघितल्यानं वाचनात होणारी चूक) शिकवायचा धडा आपल्याच प्रश्नात चुकलेला असतो आणि बरोबर वाचणारं पोरगं चूक ठरतं. मायक्रोमीटर स्टँडमध्ये पकडा, मोबाइल डेटम लाइनच्या अगदी समोर धरा, खिडकीचा उजेड बाजूनं येऊ द्या, नाहीतर क्रोम प्लेटिंगवर चमक येऊन रेघा उडतात. स्पिंडल लॉक करूनच फोटो काढा. आणि फोटो टाकण्याआधी तुमच्याशिवाय दुसऱ्या एका निदेशकाकडून वाचन करून घ्या. मग फोटो कापून लहान करा. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. मुलांच्या घरी रात्री एकच मोबाइल, तोही वडिलांचा, आणि जतच्या पूर्व भागात रेंज कशी असते हे तुम्हाला मी सांगायला नको. १०० ते १५० केबीमध्ये रेघा स्वच्छ दिसतील असा फोटो होतो, फक्त बॅरल-थिंबलचाच भाग ठेवायचा.

आकडा टाइप करायला लावणारे प्रश्न द्यायचे असतील तर आणखी एक कटकट. फॉर्म उत्तर अक्षराला अक्षर जुळवतो. कुणी इंग्रजी आकड्यांत लिहितं, कुणी देवनागरीत ७.७८, कुणी पुढं मिमी जोडतं, आणि बरोबर असूनही चूक दाखवलं जातं. एकदा असं झालं की त्या मुलाचा चाचणीवरचा विश्वास गेला म्हणून समजा. 'आन्सर की'मध्ये एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं भरता येतात, तिथं सगळे प्रकार घाला, आणि प्रश्नातच लिहा की फक्त आकडा लिहायचा, इंग्रजी आकड्यांत, एकक नको.

खात्रीचा प्रश्न हा मला फार कामाचा वाटतो. प्रत्येक उत्तराखाली एवढंच विचारा: 'पक्कं माहीत आहे', 'वाटतंय', 'अंदाज मारला'. याला गुण नकोत. फायदा असा की चूक आणि 'अंदाज मारला' हे एक प्रकरण, आणि चूक आणि 'पक्कं माहीत आहे' हे पूर्ण वेगळं प्रकरण. दुसरं धोक्याचं. ड्रिलिंग मशीनवर ३००० आरपीएम बरोबर आहे अशी खात्री असलेलं पोरगं कुणालाही न विचारता मशीन चालू करेल. पण त्यातच एक आशेची गोष्ट आहे: बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की पूर्ण खात्रीनं दिलेलं चुकीचं उत्तर, लगेच बरोबर उत्तर सांगितलं तर, बिनखात्रीच्या चुकीपेक्षा जास्त पक्कं दुरुस्त होतं. धक्का बसतो ना, म्हणून लक्षात राहतं. मूडलमध्ये खात्रीनुसार गुण देण्याची तयार पद्धत आहे: पूर्ण खात्रीनं बरोबर तर ३, पूर्ण खात्रीनं चूक तर उणे ६. ती हिशेबाला चोख आहे, पण आपल्या पोरांना उणे गुण दिसले की नीटच्या परीक्षेची आठवण येते आणि चाचणी बंद करून टाकतात. मी ती वापरत नाही.

किती प्रश्न? एका मुलाला जोडप्रश्न धरून आठ ते दहा. दहा-पंधरा मिनिटांत संपलं पाहिजे. वेळेची मर्यादा घालू नका. शांतपणे थिंबलच्या रेघा मोजायला लावायच्या आणि डोक्यावर घड्याळ ठेवायचं हे एकमेकांच्या विरुद्ध आहे.

चाचणी कधी द्यायची याकडे फार कमी जण लक्ष देतात. शिकवलं त्याच संध्याकाळी चाचणी दिली तर सगळ्यांना सगळं येतं, आणि म्हणूनच तिचा उपयोग कमी. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग यासाठी बघण्यासारखा आहे. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढं होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं तपासलं तर आठवून लिहिणारे पुढं. म्हणजे चाचणी ही नुसती मोजपट्टी नाही, आठवायला लावणं हेच शिकवणं आहे. मी मायक्रोमीटरची चाचणी शिकवल्यानंतर तीन दिवसांनी देतो, आणि त्यातलेच दोन प्रश्न, फोटो बदलून, पुढच्या महिन्यातल्या ड्रिलिंगच्या चाचणीत मिसळतो. झिरो एररचा तर हमखास: मायक्रोमीटर बंद केल्यावर +०.०३ दाखवतोय आणि वाचन ७.७८ आहे, तर खरं माप किती? ०.०३ वजा करायचे, ७.७५. ज्यांनी महिन्यापूर्वी बरोबर सांगितलं होतं त्यातलेही काही जण आता मिळवून ७.८१ सांगतात. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला तासगाव-कवठेमहांकाळकडची काही मुलं घरच्या बागेत जातात, हजेरी बुडते. त्यांना परत आल्यावर मागचा धडा सगळा पुन्हा न शिकवता ही मिसळलेली चाचणी द्या. कुठं भोक पडलंय ते त्यांना स्वतःलाच दिसतं.

निकालांचं काय करायचं? पुस्तकात सांगतात की वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे काढा, दोन्ही गटांत किती जणांना प्रश्न आला ते बघा, फरक कमी असेल तर प्रश्न टाकून द्या. शेकड्यांनी मुलं असतील तर हे उत्तम. आपल्या एका तुकडीत २० मुलं. २७ टक्के म्हणजे वर पाच आणि खाली पाच. पाच पोरांवरून प्रश्नाला फाशी देता येत नाही. मी फक्त दोन गोष्टी बघतो. कुठला चुकीचा पर्याय कुणीच निवडत नाही, तो काढून टाकतो. आणि एरवी चांगलं काम करणारी पोरं एखाद्या प्रश्नात ठरावीक चुकीच्या पर्यायाकडे जातायत का. तसं असेल तर बहुतेक वेळा प्रश्नाचं वाक्य किंवा फोटो बिघडलेला असतो. नाव न घेता हे कसं कळणार? मुलांना स्वतःचं एक टोपणनाव निवडायला सांगा आणि तेच कायम वापरायला सांगा. एका टोपणनावाची उत्तरं सलग दिसतात, माणूस कोण ते कळायची गरज नाही. आयटीआयत १४ वर्षांपासून प्रवेश मिळतो, पहिल्या वर्षातली बरीच मुलं अठराच्या आतली आहेत; वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अशांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. आधार, मोबाइल नंबर, जन्मतारीख वगैरे फॉर्ममध्ये घेण्याचं तर काहीच कारण नाही.

तुमची मूळ तक्रार अशी की फॉर्ममध्ये येतं आणि वर्कशॉपमध्ये येत नाही. ती पडद्यावरच्या फोटोनं अर्धीच सुटेल, कारण मायक्रोमीटर धरणं, रॅचेट (दाब बेताचा ठेवणारी टोकाची टकटक करणारी मूठ) किती फिरवायचं, अ‍ॅन्व्हिल (तुकडा टेकतो ते स्थिर टोक) पुसणं हे फोटोत येत नाही. म्हणून वर्कशॉपच्या कपाटात दहा-बारा तुकडे ठेवा. ग्राइंड केलेल्या पिना असतील तर छान, गंज लागू नये म्हणून तेलाचा हात. प्रत्येकावर नंबर पंच करा. माप तुम्ही घ्या, आणि एका सहकाऱ्यानं न सांगता वेगळं घ्यावं. दोन्ही जुळतील तेच तुकडे ठेवा. आता फॉर्म असा: 'तुकडा नंबर ४ मोजा. तुमचं माप निवडा.' पर्यायांत खरं माप, अर्ध्या मिलिमीटरनं चुकलेलं माप, झिरो एरर उलटा धरलेलं माप, आणि रॅचेट न वापरता आवळल्यावर येणारं दोन-तीन शतांश कमी माप. शेवटच्याचा अभिप्राय एवढाच: 'रॅचेट तीनदा टकटक होऊ दे, थिंबल धरून आवळू नको.' हे मधल्या सुट्टीत, स्वतःच्या मोबाइलवर, तुमच्या मदतीशिवाय चालतं. तुकड्यांचे नंबर आणि मापं अधूनमधून बदला, एवढंच बघायचं.

यात मुलांचं स्वतःच्या जॉबचं मूल्यमापनही जोडता येतं. फाइलिंगचा (कानसीनं घासलेला) चौकोनी तुकडा झाला की ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडासमोर धरायचा आणि फॉर्ममध्ये सांगायचं: फट नाही, मध्ये आहे, की टोकाला आहे. शेजारी तिन्हीचे नमुना फोटो ठेवायचे. मध्ये फट दिसली तर मधलं जास्त घासलं गेलंय आणि कडा उंच राहिल्यात; टोकांना फट दिसली तर मध्ये उंचवटा आहे, म्हणजे कानस हातात डोलतेय. दोन्हींचे अभिप्राय वेगळे.

मूडलबद्दल. तुमच्या संस्थेत सर्व्हर सांभाळणारा कुणी असेल तर जरूर घ्या. फुकट आहे, मराठीत वापरता येतं, प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय, पुन्हापुन्हा प्रयत्न, आकड्याला कमी-जास्त सहिष्णुता, आणि दर मुलाला वेगळे आकडे देणारे गणिती प्रश्न या सगळ्या सोयी आहेत. आरपीएमच्या प्रश्नात व्यास आणि कटिंग स्पीड दर वेळी बदलले की 'उत्तर ९५५' ग्रुपवर टाकून कुणाला काही मिळत नाही. पण सर्व्हर बंद पडला की सुरू कोण करणार, बॅकअप कोण घेणार, बदली झाली की पासवर्ड कुणाकडं, हे आधी ठरवा. ते ठरत नसेल तर या वर्षी फॉर्मवरच राहा.

एका धड्यापासून सुरुवात करा, मायक्रोमीटरचाच घ्या. सोमवारी पर्यायांशिवाय अर्ध्या कागदावर प्रश्न सोडवून घ्या, गठ्ठे लावा, शुक्रवारपर्यंत सहा प्रश्न आणि त्यांचे जोडप्रश्न तयार होतील. दोन फोटोंमध्ये वाचन जुळत नसेल किंवा एखाद्या गठ्ठ्याची चूक कशी झाली तेच उलगडत नसेल तर तो कागद आणि फोटो इथंच टाका, मी बघतो.